टाकी तीच, गळती नवी

अपडेट घेतल्यावर लॅपटॉपची बॅटरी भराभर उतरायला लागली की सगळ्यांचा पहिला संशय बॅटरीवरच जातो. ‘बॅटरी गेली’ असं दुकानदार सांगतो, शेजारी सांगतो, ऑफिसातला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळणारा मुलगाही तेच सांगतो. मग काही हजार रुपये मोजून नवी बॅटरी बसते, चार दिवस बरं वाटतं, आणि लॅपटॉप पुन्हा दुपारच्या आत धापा टाकायला लागतो. पुष्कळदा जुन्या बॅटरीला फारसं काही झालेलंच नसतं. वाढलेला असतो तो खर्च, आणि आपण बदललेला असतो साठा.

सोलापुरात हे समजावायला अवघड जाऊ नये. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आज आलेलं पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचं, हे शिकतच इथली पोरं मोठी होतात. टाकी नेहमीपेक्षा लवकर रिकामी झाली तर घरातलं कोणी लगेच नवी टाकी आणायला निघत नाही. आधी संडासातला फ्लश बघतात, मग मोरीतला नळ, मग मागच्या अंगणातला कॉक. टाकीत मावतं किती हा एक प्रश्न आणि तिच्यातून वाहून जातं किती हा दुसरा. लॅपटॉपलाही हेच दोन प्रश्न विचारायचे असतात, आणि दोन्हींची उत्तरं ते मशीन आकड्यांत देऊ शकतं. फक्त कुणीतरी विचारायला हवं.

हे मी पोटतिडकीने लिहिते आहे, कारण बॅटरीचे तास म्हणजे माझ्या कामाचे तास. मी चादरींची आणि टॉवेलांची डिझाइनं करते. पूर्वी हे काम आलेखाच्या कागदावर चौकट चौकट रंगवून व्हायचं. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं दोरीने एकमेकांना ओवायची आणि ती माळ मागावरच्या जेकार्ड यंत्रावर चढवायची. भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि मधून बाण्याचा धागा जातो. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जाकारने १८०४ च्या सुमाराला बसवलेली ही युक्ती. सोलापुरी चादरीवरचे मोर आणि वेलबुट्ट्या तिच्यावरच विणल्या गेल्या. कार्डांवर चालणारे माग गावात अजून आहेत, पण पुष्कळ ठिकाणी आता इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलं. त्याला माळ लागत नाही, फाइल लागते. ती फाइल मी लॅपटॉपवर तयार करते.

घरी बसून यातलं निम्मंच काम होतं. उरलेलं निम्मं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, मागाजवळ उभं राहून. नमुन्याचा तुकडा विणून बाहेर आला की मालक तो उजेडात धरून बघतात. “अक्का, मोर जरा वर घ्या की. किनार लई जाड दिसायलीय.” मग तिथल्या तिथे बदलून दाखवायचं, रंग फिरवून दाखवायचे, पुन्हा तुकडा लावायचा. शेडमध्ये प्लग असतो तो मागाच्या मोटरीच्या पाठीमागे, कापसाच्या तंतूंनी भरलेला. त्यात लॅपटॉपचा चार्जर खुपसायला मन धजत नाही. केबिनमधल्या एकुलत्या प्लगवर हिशेबाचा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि राउटर एकत्र नांदत असतात.

शिवाय वीज. एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे. दक्षिणेकडच्या राज्यांचं वीजजाळं उरलेल्या देशाला जोडलं गेलं ते ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर–सोलापूर या ७६५ केव्हीच्या वाहिनीने. सगळ्या देशाची वीज एका तालावर आणणारी तार आपल्या गावापाशी येऊन पोचली, याचा मला मनापासून अभिमान आहे. तरी मे महिन्यात वळिवाचं वारं सुटलं आणि पेठेतल्या तारेवर फांदी पडली की वीज जाते ती जातेच. माग थांबतात, कामगार बाहेर ओट्यावर येऊन बसतात, आणि शेडमध्ये चालू असलेली वस्तू एकच उरते, माझा लॅपटॉप. तेवढ्या वेळात पुढचा नमुना तयार झाला तर दिवस वाया जात नाही.

अपडेट आलं ते ऐन उन्हाळ्यात. रात्रीत बसलं. सकाळी पडद्यावर स्वागताचा संदेश, खालच्या पट्टीतली चिन्हं थोडी सरकलेली, बाकी सगळं जागच्या जागी. एरवी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरणारी बॅटरी त्या दिवशी सकाळच्या चहालाच लाल झाली. पंखा थांबेना. मालकांनी झाकणावर हात ठेवला आणि म्हणाले, “हे तर मोटरीपेक्षा जास्त तापायलंय.” मशीन कोणत्या कंपनीचं, अपडेट कोणाचं, हे लिहीत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं वापरणाऱ्या माझ्या ओळखीतल्या अनेकांनी हेच सोसलं आहे, आणि मला सांगायचं आहे ते त्या सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

आधी टाकी मोजायची. जवळपास प्रत्येक लॅपटॉपची बॅटरी स्वतःबद्दल दोन आकडे सांभाळून असते. नवी असताना ती किती ऊर्जा साठवू शकत होती हा पहिला, आणि आज पूर्ण भरल्यावर किती साठवते हा दुसरा. विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’ नावाची आज्ञा बॅटरीचा अहवाल काढून देते, त्यात दोन्ही आकडे एकाखाली एक असतात. मॅकमध्ये सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर कमाल क्षमता टक्क्यांत दिसते. लिनक्सवर ‘यूपॉवर’ हे सांगतं. यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत आणि मशीन उघडावं लागत नाही. माझ्या बॅटरीची मूळ क्षमता ४२ वॉट-तास होती, आजची ३५. इथले उन्हाळे सोसूनही ८३ टक्के शिल्लक. त्यातल्या कुठल्याच दिवशी ती एकदम घसरलेली नव्हती, अपडेटच्या रात्रीही नाही. क्षमतेचा इतिहास त्याच अहवालात आठवड्या-आठवड्याने लिहिलेला असतो.

मग गळती मोजायची. मशीन या क्षणी किती वॉट खातंय ते दाखवणारी फुकटची साधनं मिळतात. साध्या डिझाइनच्या कामाला माझं मशीन ७ वॉटच्या आसपास घ्यायचं, हे मला आधीपासून माहीत होतं. बाहेर काम करणाऱ्या माणसाला ही नोंद ठेवायची सवय लागतेच. ३५ ला ७ ने भागलं की पाच तास. अपडेटनंतर तेच काम, तीच फाइल, पडद्याचा उजेडही तेवढाच, आणि आकडा १४. म्हणजे अडीच तास. बॅटरी जशीच्या तशी, वेळ निम्मी.

नवी पेठेतल्या एका दुकानात हे आकडे घेऊन गेले. गल्ल्यावरच्या दादाने नेहमीप्रमाणे “ताई, बॅटरी बदलून टाका, तीन वर्षं झाली की जातेच” म्हणून सुरुवात केली. मी अहवालाचं पान पुढे केलं. तो थोडा वेळ बघत राहिला, मग आतल्या कारागिराला हाक मारली. हा कारागीर फार चांगला माणूस. तो म्हणाला, “बॅटरी ठीक आहे. आत कोणीतरी जागं राहायलाय. ते शोधू.”

ते ‘कोणीतरी’ म्हणजे काय, हे सांगायला थोडं आत जावं लागेल. लॅपटॉपचा प्रोसेसर वीज वाचवतो ती मुख्यतः झोपून. आपण दोन अक्षरं टाइप करतो, त्यांच्या मधल्या काळातही तो डुलकी काढतो. सेकंदात कित्येकदा झोपतो आणि उठतो. जितका सलग झोपेल तितकी वीज कमी. एखादा प्रोग्राम मात्र त्याला सेकंदाला हजार वेळा उठवायला सांगू शकतो, आणि मग पडद्यावर काहीही चाललेलं नसताना वीज वाहत राहते. अपडेटनंतर असं उठवणारे पुष्कळ जण एकदम येतात. सगळ्या फायलींची शोधसूची नव्याने बनवली जाते. फोटो पुन्हा चाळले जातात. व्हायरस शोधणारा प्रोग्राम पूर्ण डिस्क तपासायला घेतो. मागे पडलेली ऑनलाइन साठवण जुळवून घेतली जाते. हा सगळा खर्च खरा, पण तात्पुरता. मशीन एक-दोन रात्री चार्जरला लावून चालू ठेवलं की ही कामं संपतात. म्हणून अपडेटच्या दुसऱ्याच दिवशी बॅटरीबद्दल निकाल देऊ नये, असं माझं मत आहे. थोडं थांबावं आणि मग मोजावं.

मी थांबले. आकडा १४ वरून १२ वर आला आणि तिथेच अडला. म्हणजे उरलेली गळती तात्पुरती नव्हती.

कारागिराने आधी ग्राफिक्स बघितलं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरसाठी माझ्या मशीनमध्ये एक जादा, ताकदवान ग्राफिक्स चिप आहे. गरज पडेल तेव्हाच ती उठते, बाकी वेळ प्रोसेसरमधली साधी चिप काम भागवते. अपडेटने कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा छोटा प्रोग्राम, काढून त्याजागी आपल्याकडचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवला होता, आणि त्याला ही चिप झोपवता येत नव्हती. ईमेल वाचतानाही ती जागी. लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून बसवला, तेव्हा एका दमात आकडा बराच खाली आला. नुसता ड्रायव्हर! आणि यासाठी मला नवी बॅटरी घ्यायला सांगण्यात येत होतं.

मग सेटिंग्ज. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा व्हायचा तो १२० वर गेला होता. मी बंद करून ठेवलेले प्रोग्राम सुरुवातीलाच उघडायला लागले होते. वीज वाचवण्याची माझी निवड पुसून ‘उत्तम कामगिरी’ झाली होती. यातलं एकही मला विचारून झालेलं नव्हतं. याचा मला खरोखर राग येतो. कार्डांच्या मागावर रात्रीत कोणी येऊन दोन कार्डं बदलत नाही. बदललीच, तर सकाळी चादरीवर ते दिसतं. इथे बदल होतो तो दिसत नाही, फक्त अंगाला झळ लागते.

झोपेचा प्रश्न वेगळाच आहे, आणि माझ्या मते सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेला. जुन्या लॅपटॉपचं झाकण मिटलं की प्रोसेसर पूर्ण बंद व्हायचा, फक्त मेमरीला चिमूटभर वीज मिळत राहायची. अलीकडच्या पुष्कळ मशीनमध्ये ती पद्धतच नाही. त्याऐवजी मोबाइलच्या धर्तीवरची झोप आली. झाकण मिटलेलं असतानाही मशीन अधूनमधून जागं होतं, नेटला जोडतं, ईमेल आणतं, अपडेट तपासतं. टेबलावर हे ठीक. पण पिशवीत बंद असलेला लॅपटॉप सात रस्त्यापासून एमआयडीसीपर्यंत रिक्षात उन्हातून जात असताना जागा झाला तर त्याची उष्णता जायला जागा नसते. पिशवीतून काढलेलं मशीन तापलेलं आणि बॅटरी वीस टक्क्यांनी उतरलेली, हा प्रकार अनेकांनी बघितला असेल. यावर उपाय आहे हायबरनेट. त्यात मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं. परत सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतात, वीज मात्र जवळपास लागत नाही. झाकण मिटल्यावर काय व्हावं ही निवड सेटिंग्जमध्ये असते. घराबाहेर मशीन नेणाऱ्या प्रत्येकाने ती बघून घ्यावी. आणि मोठं अपडेट झाल्यावर पुन्हा बघावी.

शेवटी कारागिराने खालचं झाकण उघडलं. पंखा आणि त्याच्या तोंडाशी असलेली तांब्याची जाळी यांच्यामध्ये कापसाच्या तंतूंचा दाट थर बसला होता. शेडमधल्या हवेत हे तंतू सतत तरंगत असतात, केसांवर बसतात, चहाच्या कपात पडतात, आणि पंखा त्यांना आत ओढतो. त्याने चिमट्याने तो थर अखंड उचलून कागदावर ठेवला. म्हणाला, “गिरणगावच्या मशीनमध्ये हेच निघतंय बघा.” अपडेटच्या आधीही तो थर तिथे होताच, पण ७ वॉटची उष्णता त्यातून कशीबशी बाहेर पडत होती. १४ ची पडेना. म्हणून पंखा अखंड फिरत राहिला, आणि फिरणारा पंखाही वीज खातोच. दोष अपडेटचा की कापसाचा, असं विचारलं तर मी सांगेन की दोघांचाही. एकटा असता तर दुसरा उघडकीला आला नसता.

इथवरची गोष्ट सेटिंग्जची आणि ड्रायव्हरची. पण तापलेल्या झाकणावर मालकांनी हात ठेवला तेव्हापासून माझ्या डोक्यात होती ती उष्णताच.

लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. ती घडवणाऱ्या संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते. बॅटरीत एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला धातूचं ऑक्साइड, आणि मधल्या द्रवातून लिथियमचे आयन ये-जा करतात. पहिल्या चार्जिंगपासूनच ग्रॅफाइटवर एक पातळ थर बसतो. तो हवाच असतो. त्याच्याशिवाय ग्रॅफाइट आणि द्रव यांची प्रक्रिया चालतच राहील. पण वर्षानुवर्षं तो थोडा थोडा जाड होत जातो आणि जाड होताना लिथियम खातो. खाल्लेलं लिथियम परत ये-जा करायला मिळत नाही. तेवढी क्षमता कायमची गेली.

या थराला वाढायला उष्णता आवडते. रासायनिक प्रक्रियांबद्दलचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचा वेग साधारण दुप्पट होतो. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, म्हणजे प्रत्येक सेलचा दाब ४.२ व्होल्टच्या आसपास असेल, तर भर आणखी पडते. बऱ्याच कंपन्या लॅपटॉप वापरायला ३५ अंशांपर्यंतची हवा योग्य म्हणतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये सावलीतलाच पारा ४० च्या वर जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. म्हणजे आपली मशीनं वर्षातले कित्येक आठवडे त्या मर्यादेच्या बाहेरच जगतात.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा. अपडेट बॅटरीला हात लावत नाही, हे खरं. पण मशीन जे १४ वॉट खातं, ते जवळजवळ सगळे शेवटी उष्णताच होतात, आणि त्या उष्णतेच्या शेजारी, एकाच पत्र्याखाली, बॅटरी बसलेली असते. तिचं लिथियम रोज थोडं जास्त खाल्लं जातं. बॅटरी लवकर उतरते म्हणून माणूस लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून ठेवतो, म्हणजे ती तापलेलीही राहते आणि काठोकाठ भरलेलीही. ड्रायव्हर बदलून एका दुपारी बरं होणारं दुखणं असं दोन उन्हाळे अंगावर काढलं की बॅटरी खरोखरच संपते. सुरुवात गळतीने होते आणि शेवटी टाकीच आक्रसते. मग दुकानदार म्हणतो, बघा, मी सांगितलं होतं.

मला सांगायचं आहे ते हेच. पुण्या-मुंबईच्या थंड ऑफिसात प्लगला लावलेल्या लॅपटॉपने हे अपडेट घेतलं तर त्या माणसाला काही कळणारही नाही. तेच अपडेट सोलापूरच्या मे महिन्यात, शेडमध्ये, बॅटरीवर चालणाऱ्या मशीनने घेतलं तर त्याची किंमत आयुष्यातून वजा होते. अपडेट लिहिणाऱ्याने ही दुसरी जागा डोळ्यांसमोर ठेवली होती का, हा माझा प्रश्न आहे. आणि तो तक्रारीचा नाही, कामाचा आहे.

यावर काही जण सोपा मार्ग काढतात, अपडेट घ्यायचंच नाही. मला तो पटत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या व्हायरसने जगभरातल्या कॉम्प्युटरमधल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ती भेग बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं त्यांच्यातले पुष्कळ जण अडकले. आमच्या धंद्यात वर्षानुवर्षांची डिझाइनं एका डिस्कवर असतात. ती गेली तर कारखान्याची ओळखच जाते. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा एमआयडीसीतल्या कितीतरी केबिनमधले जुने कॉम्प्युटर एकदम उघड्यावर आले. पुढच्या प्रणालीच्या अटींत ते बसत नाहीत, आणि चांगले चालतात म्हणून मालक ते टाकतही नाहीत. हा पेच खरा आहे. मी म्हणते ते एवढंच की सुरक्षेच्या दुरुस्तीसोबत आपल्या विजेच्या निवडी पुसल्या जाऊ नयेत, आणि पुसल्या तर स्पष्ट सांगावं.

सांगणं महत्त्वाचं असतं, हे एका मोठ्या प्रकरणात दिसलं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केलं की जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून अपडेटमधून त्यांचा वेग कमी केला जात होता. तांत्रिकदृष्ट्या त्या उपायाला कारण होतं. पण ग्राहकाला ते माहीत नव्हतं. फोन मंद झाला म्हणून नवा घेणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं की बॅटरी बदलली तरी भागेल. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने त्यासाठी कंपनीला अडीच कोटी युरोचा दंड केला, आणि दंडाचं कारण ग्राहकांना न कळवणं हेच होतं. फोनमध्ये बॅटरीच्या प्रकृतीचं पान त्याआधीच, २०१८ मध्ये, आलं होतं. युरोपच्या नव्या बॅटरी नियमाप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता याव्या लागतील. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. ही दिशा मला बरोबर वाटते. पण मी अजून एक मागेन: प्रत्येक मोठ्या अपडेटच्या माहितीत, जुन्या मशीनवर ते आधी आणि नंतर किती वॉट खातं हा आकडा असावा. मोजणं कठीण नाही. नवी पेठेतला कारागीर ते टेबलावर करतो.

माझं मशीन शेवटी ८ वर स्थिरावलं. पूर्वीच्या ७ पर्यंत गेलं नाही. नव्या प्रणालीचं स्वतःचं काहीतरी जास्तीचं काम आहे, ते मी स्वीकारलं. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय पुष्कळ लॅपटॉपमध्ये असते, ती मी घरी असताना चालू ठेवते आणि कारखान्यात जायच्या सकाळीच पूर्ण भरून घेते. पंखा दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर साफ करून घेते.

हे सगळं बघितल्यावर कारखान्याच्या दिवाणजींनी त्यांचा लॅपटॉप पुढे केला. “माझाही अपडेटनंतर अर्धा तास टिकंना झालाय. तुमच्यासारखंच करून द्या.” अहवाल काढला. मूळ क्षमता ४८ वॉट-तास, आजची ५. खर्च मात्र ९ वॉट, म्हणजे हिशेबाच्या मशीनला शोभेल असाच. केबिनच्या पत्र्याखाली, वर्षानुवर्षं रात्रंदिवस चार्जरला लावलेलं मशीन. वीज गेली की केबिनचा इन्व्हर्टर सांभाळून घ्यायचा, म्हणून बॅटरीवर चालायची वेळ कधी आलीच नव्हती. अपडेटच्या आठवड्यात इन्व्हर्टर दुरुस्तीला गेला होता, तेव्हा पहिल्यांदा कळलं. टचपॅडही एका बाजूने किंचित उचलला गेला होता. बॅटरी फुगायला लागल्याची ती खूण असते, आणि अशी बॅटरी वापरायची नसते, दाबायची किंवा टोचायची तर मुळीच नसते. मी लगेच मशीन बंद करायला लावलं, चार्जर काढला.

इथे ड्रायव्हर बदलून काही होणार नव्हतं. त्याच दिवशी नवी पेठेत फोन करून त्या मॉडेलची बॅटरी मागवली. स्वस्तातली, नाव नसलेली घ्यायची नाही, हे मालकांना पटवायला थोडा वेळ लागला. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. कारागिराने फुगलेली बॅटरी वाळूच्या डब्यात ठेवली, पुढे संकलनाला पाठवायला. दिवाणजींच्या लॅपटॉपवर चार्जिंगची ८० ची मर्यादा लावली, आणि मशीन खिडकीतल्या उन्हातून भिंतीकडच्या बाजूला सरकवलं. पुढच्या आठवड्यात वळीव आला, वीज गेली, इन्व्हर्टर अजून दुकानातच होता. दिवाणजींनी मोबाइलचं नेट जोडून जीएसटीचं रिटर्न तेवढ्यात भरून टाकलं.